मेलेल्या झाडांची वही

आधी हे पान पुढच्या रांगेतून मागे जाऊ द्या. हातात घ्या, काही होत नाही, रांबुतान नावाच्या मलायाकडच्या फळझाडाचं पान आहे. कड बघा त्याची, टोकापासून सुरू होऊन दोन्ही बाजूंनी तपकिरी झालीये, पापडासारखी मोडते, आणि मधला भाग मात्र अजून छान हिरवा. काल सकाळी तोडलंय. झाड जिवंत आहे अजून, पण आज मी जे बोलणार आहे त्यातलं निम्मं त्या कडेवरच आहे, त्यामुळे पान नीट बघून मगच पुढे द्या.

संयोजकांनी मला विषय दिला होता, पुण्याच्या हवेत बाहेरच्या देशांतली फळझाडं कशी वाढवायची. मी फोनवरच म्हटलं, अहो मी वाढवली त्यापेक्षा मारली जास्त आहेत, ते सांगितलं तर चालेल का, तर म्हणाले चालेल. मी बँकेत होते, ३१ वर्षं, त्यामुळे एक खोड आहे, सगळ्याची नोंद ठेवायची. सासवडच्या अलीकडे आमची १४ गुंठे जागा आहे, तिथे आणि घराच्या गच्चीवर मिळून मी २००९ पासून हे उद्योग करतेय, आणि पहिल्या दिवसापासून एक वही आहे. झाडाचं नाव, कुठून आणलं, कधी लावलं, कधी गेलं, आणि शेवटचा रकाना, कशाने गेलं. आज ती वहीच घेऊन आलेय, ३७ नावं आहेत मेलेल्यांची.

तर पहिली सहा-सात वर्षं शेवटच्या रकान्यात मी बिनधास्त एकच शब्द लिहीत होते. थंडी. मँगोस्टीन गेलं, थंडी. दुरियन गेलं, थंडी. रांबुतान गेलं, थंडी. ही सगळी मलाया-बोर्निओकडची झाडं, पुण्यात डिसेंबरात रात्री ८-९ अंशापर्यंत जातं, आमच्या तिकडे माळावर त्याहून खाली, म्हणजे थंडीनेच गेली असणार, यात विचार काय करायचा. मी गोणपाट गुंडाळायचे, रात्री बल्ब लावायचे, शेजारचा शेतकरी हसायचा, म्हणायचा ताई झाडाला स्वेटर पण घाला. मग एकदा रिटायर झाल्यावर निवांत वही वाचत बसले होते आणि 'कधी गेलं' हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. एप्रिल. मे. एप्रिल. मे. मे. मार्चअखेर. ऑगस्ट. मे.

थंडीने झाड मे महिन्यात मरतं का हो?

बँकेत एखाद्याने असं व्हाउचर लिहिलं असतं तर मी परत पाठवलं असतं, आणि इथे स्वतःच सात वर्षं तेच लिहीत होते. का लिहीत होते त्याचंही कारण आहे. या झाडांबद्दल जे काही वाचायला मिळतं, बघायला मिळतं, ते बहुतेक फ्लोरिडा नाहीतर कॅलिफोर्नियातल्या लोकांचं असतं. हौशी लोक आहेत, मनापासून सांगतात, पण त्यांचा शत्रू थंडी आहे. तिकडे हिवाळ्यात एक रात्र शून्याखाली गेली की दहा वर्षांचं झाड सकाळी काळं पडलेलं असतं, त्यामुळे त्यांचं सगळं ज्ञान त्या एका रात्रीभोवती फिरतं. त्यांचे ते झोन असतात ना, झोन १०, झोन ११, रोपांच्या लेबलवर लिहिलेले, ते झोन म्हणजे काय तर वर्षातलं सगळ्यात कमी तापमान सरासरी किती, बस. त्यात उन्हाळा नाही, पाऊस नाही, माती नाही, हवेतली ओल नाही. त्या हिशोबाने पुणं झोन ११च्या आसपास बसतं आणि मायामीही तिथेच कुठेतरी. आता मायामीचा मे आणि सासवडचा मे यांत काही साम्य आहे का? मायामीत माणूस घामाने भिजतो आणि आपल्याकडे दोरीवर टाकलेली जीन्स तासाभरात वाळते.

त्यांच्या या थंडीच्या भीतीची सुरुवात, गंमत म्हणजे, आपल्याच फळापाशी जाते. आंबा हा फ्लोरिडावाल्यांसाठी बाहेरचा, दुर्मिळ, नखरेल प्रकार होता. १८८९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने हिंदुस्थानातून मलगोबाची कलमं नेली आणि लेक वर्थजवळ एल्ब्रिज गेल नावाच्या माणसाकडे लावायला दिली. १८९४-९५ च्या हिवाळ्यात तिकडे भयंकर गोठण आली आणि त्यातलं एकच झाड शिल्लक राहिलं. त्या एकाच झाडाच्या फळांच्या कोया कॅप्टन हेडन नावाच्या गृहस्थाने १९०२ मध्ये कोकोनट ग्रोव्हला रुजवल्या, पुढच्याच वर्षी तो वारला, झाडं त्याची बायको फ्लोरेन्स हिने सांभाळली आणि १९१० मध्ये फळ आलं, तोच हेडन आंबा. आज जगभरच्या सुपरमार्केटात जो टॉमी अ‍ॅटकिन्स दिसतो, ज्याला आपण हापूसवाले नाक मुरडतो, तो या हेडनच्याच घराण्यातला. तर ज्यांची गोष्टच एका गोठलेल्या हिवाळ्यापासून सुरू होते ते थंडीबद्दलच बोलणार, त्यांचं बरोबर आहे. आपण ते जसंच्या तसं उचललं, डिसेंबरात झाडाला गुंडाळून ठेवलं आणि एप्रिलमध्ये उघड्यावर मारलं, ही चूक आपली.

आता त्या पानाकडे या. कुठपर्यंत पोचलं? बरं.

हवेला तहान असते. म्हणजे हवा पानातून किती जोराने पाणी ओढते, हे मोजता येतं. तापमान आणि आर्द्रता माहीत असली की काढता येतं, किलोपास्कल वगैरे एककं सोडून द्या, दोन आकडे फक्त लक्षात ठेवा. मलायातली नेहमीची दुपार, ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता, तिथे हा आकडा येतो साधारण १.२. आपली एप्रिलची दुपार, ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के, हे काही फार टोकाचं नाही सांगत मी, पेपरात येतं तसंच, तिथे आकडा येतो ६.३. पाच पट! म्हणजे तेच झाड, तेवढीच पानं, तीच मुळं, आणि मागणी पाच पट. बँकेच्या भाषेत सांगायचं तर १ तारखेला पेन्शनरांची रांग पाच पट झालीये आणि काउंटर एकच चालू आहे. काउंटरवालीने कितीही हात चालवला तरी पुरणार आहे का? मग ती काय करते, खिडकी बंद करते. झाडही तेच करतं, पानाची छिद्रं मिटून घेतं. पण छिद्रं मिटली की पानाला गार करणारं बाष्पही थांबतं आणि पान तापतं, शिजतंच म्हणा.

इथे सगळ्यांची एक चूक होते, मीही केली, की झाड मान टाकतंय म्हणजे पाणी कमी पडलं, घाला अजून एक बादली. मुळाशी पाणी आहे हो, वर पोचवायचा वेग कमी आहे. आणि तुम्ही बादल्या घालत बसलात की मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात, मग होता तो एक काउंटरही बंद. आमच्याकडे खालची जमीन काळी आणि मी काय केलं, पुस्तकात लिहिलंय म्हणून तीन बाय तीन बाय तीनचे खड्डे खणले, त्यात छान भुसभुशीत मिश्रण भरलं. काळ्या जमिनीत असा खड्डा म्हणजे बालदी होते, बाजूंनी पाणी जात नाही, सगळं त्यात साठतं. दोन अवोकॅडो तसेच गेले, ऑगस्टमध्ये, भर पावसात वाळून गेल्यासारखे. पाण्यात उभं राहून वाळलेलं झाड बघितलंय का कोणी? मुळं उकरली तर काळी आणि नुसत्या साली हातात येतात. आता मी खड्डा करतच नाही, उलट मुरूम आणि माती मिसळून दीड-दोन फूट उंचवटा करते आणि झाड त्याच्या डोक्यावर लावते.

पण पानाची कडच का जळते, मधलं का नाही? कारण पाण्याबरोबर क्षार वर येतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि पानाची कड म्हणजे पाइपलाइनचं शेवटचं टोक, सगळं तिथे जमा. गीझरची कॉइल काढून बघा कधी, पांढरा थर असतो, तेच पानात होतं फक्त दिसत नाही, दिसतं ते जळणं. आता बेरीज करा, हवा पाच पट ओढतेय आणि त्यात बोअरचं जड पाणी. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, उन्हाळ्यात १,१०० च्या पुढे जातो. ज्वारी, अंजीर, सीताफळ यांना चालतं ते, रांबुतानला नाही चालत. म्हणून मी नवीन कोणी हौशी भेटला की आधी विचारते, झाड कुठलं ते नंतर सांगा, पाणी कुठलं ते सांगा. टीडीएसचं ते पेनासारखं मीटर मिळतं, अगदी स्वस्त असतं, रोपाआधी ते घ्या.

(मागून कोणीतरी विचारलं, आरओचं पाणी?) बरोबर, तो प्रश्न येतोच. आरओचं प्यायचं पाणी चालेल, पण लोक घालतात ते आरओने बाहेर टाकलेलं, वाया जातं ना म्हणून. त्यात तर काढून टाकलेले सगळे क्षार असतात, ते घालायचं म्हणजे दुखण्याचा अर्क पाजायचा. त्याने फरशी पुसा. एसीचं पाणी उत्तम असतं, क्षार जवळजवळ नसतातच त्यात, पण गंमत अशी की आपल्याकडे झाडाला गरज एप्रिलमध्ये असते आणि एप्रिलमध्ये हवाच कोरडी म्हणून एसीही थेंब थेंबच देतो, जूनमध्ये धो धो देतो तेव्हा आपल्याला नको असतं.

राहिलं पावसाचं. हजार स्क्वेअर फुटांचं छप्पर आणि ७०० मिलिमीटर पाऊस, हिशोब केला तर ६५ हजार लिटर होतात, पैकी सांडलवंड सोडून ५० हजार तरी हाताशी येतात. एका लहान झाडाला रोज १५ लिटर धरले आणि मार्च ते मे हे ९० दिवस, तर १,३५० लिटर. म्हणजे १० झाडांना साडेतेरा हजार. मी १०-१० हजारांच्या दोन टाक्या बसवल्या २०१७ मध्ये, आणि खरं सांगते, त्या वर्षानंतर वहीत नावं लिहिण्याचा वेग एकदम उतरला. शेडनेट आधी होतं, केळी आधी होत्या, खतं तर सगळी करून झाली होती. बदललं फक्त पाणी. घरचे म्हणतात माणसांना टँकर आणि झाडांना पावसाचं गोड पाणी, म्हणू देत.

मँगोस्टीनचं सांगते, कारण त्यात माझी फजिती पण आहे आणि निम्म्या लोकांना तेच हवं असतं. हे फळ एवढं डोक्यात का बसतं माहीत नाही, ती व्हिक्टोरिया राणीची गोष्ट तर सगळ्यांनी ऐकलेली असते की जो ताजं मँगोस्टीन आणून देईल त्याला इनाम. कागदोपत्री त्याला आधार सापडत नाही, पण गोष्ट काही मरत नाही. १८५५ मध्ये इंग्लंडात काचघरात मँगोस्टीन पिकवलं होतं ही मात्र खरी गोष्ट. म्हणजे कोळसा जाळून, वाफ करून. हवा विकत घेतली त्यांनी, थोडक्यात.

मी २०१० मध्ये एका नर्सरीतून मँगोस्टीन आणलं, नाव नाही सांगत, ८०० रुपये दिले तेव्हा, दोन वर्षांत फळ म्हणाले. दोन वर्षांत! बियांपासूनचं मँगोस्टीन आठ-दहा वर्षं तरी घेतंच, कधी त्याहून जास्त. पण मला कुठे माहीत. लावलं, आणि काय वाढलं म्हणता, पहिल्याच पावसात फूटभर. मी खूश, सगळ्यांना दाखवतेय. मे महिन्यात गुहागरची मामी आली होती आमच्याकडे, तिला शेतावर नेलं, म्हटलं मामी हे बघ मँगोस्टीन. मामीने चष्मा वर केला, कोवळं लालसर पान होतं शेंड्याचं, ते तोडलं आणि सरळ तोंडात टाकलं. चावलं. आणि म्हणाली, "अगो, हा रातांबा आहे, पान आंबट आहे बघ. परसात पन्नास आहेत आपल्या, आठशे रुपये कोणाला दिलेस?"

तर ते कोकम होतं. बरं चुलतभाऊच आहे तो, दोन्ही गार्सिनिया वंशातले, लहानपणी चेहरा जरा मिळतो. पण मँगोस्टीनचं पान जाड, चामड्यासारखं, हाताला लागतंच वेगळं, आणि वाढ इतकी सावकाश की वर्षभरात दोन जोड्या पानं आली तरी पेढे वाटावेत. ज्याचं मँगोस्टीन भराभर वाढतंय त्याने एकदा पान चावून बघावं. ते कोकम अजून आहे आमच्याकडे, त्यातही पुन्हा नर निघालं. कोकमात नर झाडं वेगळी आणि मादी वेगळी असतात ना, बियांपासून लावलं की साधारण निम्मे नर निघतात, म्हणून तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण अमृता, कोकण हातीस अशा जाती काढून कलमं द्यायला सुरुवात केली.

मँगोस्टीनचं उलटं आहे. त्यात नराची भानगडच नाही, आणि त्याची बी आपल्या अर्थाने बीच नाही, परागीभवन न होता तयार होते, म्हणजे प्रत्येक रोप आईची नक्कल. त्यामुळे त्यात कलमाचा आग्रह नको, चांगलं बियांचं रोप चालतं. पण बी वाळली की मेली. केरळात गेलात, त्रिशूरकडे चालकुडी नदीच्या काठी परियारमला वगैरे मँगोस्टीनच्या बागाच आहेत, तिथे फळ खाल्लंत तर बी ओल्या कापसात गुंडाळून आणा, आठवड्याच्या आत मातीत गेली पाहिजे. मी तशीच आणली २०११ मध्ये, सहा बिया, चार उगवल्या. दोन मामाकडे गुहागरला दिल्या, दोन सासवडला. माझ्या सगळ्या नोंदींमधली सगळ्यात उपयोगाची नोंद हीच, कारण रोपं एकच, जागा दोन.

सासवडचं पहिलं रोप मे २०१३ ला गेलं आणि दुसरं मे २०१४ ला. दोन्हींना नेट होतं, पाणी होतं. बोअरचं. मामाने काय केलं? काही नाही केलं. पोफळीच्या ओळीत, दोन पोफळींच्या मधे, पाटाच्या कडेला खुपसून दिलं आणि विसरला. त्यातलं एक वासराने खाल्लं, एक राहिलं, आणि २०२२ मध्ये त्याला नऊ फळं लागली.

आता हे नुसतं 'कोकणची हवा' म्हणून सोडून देऊ नका. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटर पडतो, पण चार महिन्यांत, पुढचे आठ महिने तिथेही आभाळ कोरडंच, मँगोस्टीनच्या गावी असं नसतं, तिथे वर्षभर अधूनमधून पडत राहतो. मग ते जगलं कशावर, तर वाडीवर. वर माड, त्याखाली पोफळ, त्याखाली जायफळ नि केळी, माडाला मिरवेल चढलेला, खाली पानांचा कुजका थर, आणि दिवाळीपासून मृगापर्यंत दिवसाआड शिंपणं. भर मे महिन्यात दुपारी दोनला तुम्ही रस्त्यावरून वाडीत शिरलात ना की चार पावलांत अंगाला कळतं, हवा बदललेली असते. थर्मामीटर न्यायची गरज नाही, पण मी नेलं होतं अर्थात, रस्त्यावर ३५ आणि पोफळीखाली ३१. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने माडाखाली मसाल्याची झाडं लावायची लाखी बाग म्हणून पद्धत बसवलीये, ती मुख्यतः उत्पन्नासाठी, पण मला त्यात जंगलाची ती माळ्यामाळ्याची रचनाच दिसते. आपण काय करतो, हजार रुपयांचं रोप आणतो आणि सगळ्यांना दिसावं म्हणून प्लॉटच्या बरोब्बर मध्यभागी, उघड्यावर लावतो, भोवती विटांची गोल कड, चुना लावून. चुना, आणि तोही ज्याला आंबट माती लागते त्याला!

त्या नऊ फळांपैकी तीनमध्ये पिवळा चीक निघाला, कडू, फेकावी लागली. पाणी मधे कमी आणि मग वळवाचा दणका, असं झालं की होतं ते. सहा खाल्ली. फळाच्या बुडाला ते चिकटलेलं फुलासारखं असतं ना, त्याच्या पाकळ्या मोजल्या की आत किती फोडी ते कळतं, मामाच्या नातवंडांनी पैजा लावल्या त्याच्यावर.

चुन्यावरून आठवलं. पानाची कड जळणं वेगळं आणि पान पिवळं पडून शिरा हिरव्या राहणं वेगळं. दुसरं दिसलं की लोक म्हणतात लोह कमी आहे, आणि लोखंडी खिळे पुरतात मुळाशी. लोह असतंच मातीत, आपली माती चुनखडीची, पीएच ८ च्या आसपास, म्हणजे आंबटाच्या उलट, त्यात ते झाडाला उचलता येत नाही, खिळे पुरून काय होणार. दुकानात चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह, मागितलंत तर बहुधा ईडीटीए प्रकारचं देतात, ते आपल्या मातीत टिकत नाही, ईडीडीएचए मागा, गडद लालसर पूड असते, महाग असते, पाण्यात टाकली की कोकम सरबत दिसतं. दक्षिण फ्लोरिडात जमीन चुनखडकाची आहे, ते लोक वर्षानुवर्षं हेच वापरतात. म्हणजे त्यांचं थंडीचं ज्ञान आपल्या काही कामाचं नाही, पण चुनखडीचं ज्ञान मात्र सोन्यासारखं. लिंबूसत्त्व घालून पाण्याचा पीएच खाली आणता येतो, मी आणते, सहापर्यंत, पण त्याने क्षार जात नाहीत, टीडीएस तेवढाच राहतो, दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे विसरू नका. ताक? हो ताक घालतात पुष्कळ लोक, घाला, मुंग्या येतील.

एक सांगायचं राहिलं, बाहेरचं झाड म्हणजे नाजूक, हाही गैरसमज आहे. सीताफळ घ्या. आमच्या पुरंदर तालुक्याची ओळख ते, मुरमाड माळावर, पाणी न मागता, आणि आहे कुठलं, अमेरिकेकडचं. चिकू, पेरू, पपई, काजू, अननस, सगळे तिकडचेच. पण सीताफळ तिथल्या कोरड्या भागातलं आहे, त्याला पानं झाडून गप्प बसता येतं उन्हाळ्यात. मँगोस्टीनला गप्प बसणं माहीतच नाही, त्याच्या गावी तशी वेळच येत नाही. म्हणून 'उष्ण कटिबंधातलं झाड' हा शब्द मी सोडून दिलाय, विचारायचं ते एवढंच, याच्या गावी सगळ्यात कोरडा महिना कसा असतो. लिचीचं तर अजून तिसरंच. मुजफ्फरपूरच्या लिचीला फुलायला हिवाळ्यात चांगली थंडी लागते, कोकणात लावली तर वाढते झकास, पानंच पानं, फळ नाही. तिथे थंडी लिहा रकान्यात, पण 'कमी' म्हणून.

आणि मग जाबुतीकाबा. ब्राझीलचं झाड, तिथे हिवाळ्यात कोरडं पडतं, हलकं गोठणंही सोसतं, पान एवढंसं, डाळिंबासारखं बारीक, म्हणजे उडवायला पाणी कमी. माती मात्र आंबट हवी आणि पाणी गोड हवं, ते मी देते. २०१२ मध्ये लावलं, ढिम्म, वर्षाला चार बोटं वाढायचं, पाहुणे विचारायचे हे शोभेचं आहे का. आठव्या वर्षी एक दिवस बघते तर खोडावर पांढरी बुरशी आलीये असं वाटलं. औषध फवारायला पंप भरून आणला होता मी, खरंच, जवळ जाऊन चष्म्याने बघितलं तर फुलं! फांदीला नाही, सरळ खोडाला, सालीतून फुटलेली, आणि महिना-सव्वा महिन्यात त्याची काळी टपोरी फळं, जांभळं आणि द्राक्षं यांच्या मधलं काहीतरी, खोडाला गोचीड लागल्यासारखी चिकटलेली. उपमा बरी नाही पण दिसतं तसंच.

प्रश्न घेऊ. बाल्कनीत काय लावू? बाल्कनी कुठल्या दिशेला आहे? पश्चिम, मग दुपारनंतर भिंत तापते आणि रात्री दहापर्यंत झाडाला भाजत राहते, तिथे जास्वंद लावा. पूर्वेची असेल तर मिरॅकल फ्रूट लावा, आफ्रिकेचं झुडूप आहे, कुंडीत राहतं, त्याचं लाल फळ चघळलं की नंतर लिंबू गोड लागतं, पोरांना मजा. आंबट माती, पावसाचं नाहीतर आरओचं प्यायचं पाणी, आणि महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहून जाऊ द्यायचं म्हणजे साठलेले क्षार धुतले जातात. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरं येतं बघा, ते आत किती असेल याचा अंदाज घ्या. फॉगर, म्हणजे पाण्याचं धुकं फवारणारा? चांगला, पण बोअरच्या पाण्यावर नको, पानांवर पांढरी रांगोळी उमटते आणि पान त्याखाली गुदमरतं. दुरियन? दोनदा लावलं, दोनदा गेलं, तिसऱ्यांदा यजमानांनीच सांगितलं की झाड जगलं तर मी जाईन. त्या फळाचा घाणेरडा वास तुम्हाला माहीतच असेल.

आता तो डबा मागे जाऊ द्या, पानामागोमाग. काल संध्याकाळी तोडलेली जाबुतीकाबा आहेत, एकेकच घ्या, मोजून आणलीयेत. ही फळं टिकत नाहीत, तोडली की तीन-चार दिवसांत आंबतात, म्हणून बाजारात दिसत नाहीत. साल दातांनी फोडायची आणि आतला गर चोखायचा, साल तुरट लागते, टाकलीत तरी चालेल. बी मात्र टाकू नका, इकडे टेबलावर ओल्या कोकोपीटचा ट्रे ठेवलाय त्यात खोचा, आणि ज्यांना घरी न्यायचीये त्यांनी कागदात गुंडाळून खिशात घालू नका, वाळेल, पाण्याच्या बाटलीच्या झाकणात ठेवा. आणि अहो, ते रांबुतानचं पान शेवटच्या रांगेतून परत पुढे पाठवा, मला वहीत चिकटवायचंय.